बाच्या बटव्यातली बाटली

सकाळी नवाला पाच कमी असताना मोंघीबा जिना चढायची. गुडघे कुरकुरायचे, ते तिनं कधी कोणाला ऐकू दिलं नाही. शेअरबाजार सव्वानवाला उघडतो आणि त्याआधी मुलाच्या डोळ्यांत औषध पडलंच पाहिजे, हा तिचा नेम. आधी देवघरातल्या ठाकोरजींना भोग, मग धीमंतला औषध. दोन्ही स्वतःच्या हातानं. सुनेला दोन्हींपासून लांब ठेवलेलं.

वरच्या खोलीत दिवसाही अंधार. उजेड काचेवर पडला की आकडे पुसट होतात, म्हणून खिडकीला दुहेरी पडदा. त्या अंधारात दोन मोठ्या स्क्रीनपुढे धीमंत बसलेला असायचा, त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, नाक काचेला टेकेल इतका पुढे वाकून.

“मान वर कर.”

“बा, एक मिनिट. सौदा लावतोय.”

“बाजार उघडला नाही अजून, सौदा काय हवेत लावतोस? मान वर.”

धीमंत मान वर करायचा. मोंघीबा कमरेच्या बटव्यातून बाटली काढायची, ताक घुसळावं तशी हलवायची आणि दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब सोडायची. औषध पांढरं, दुधाळ. धीमंत सुस्कारा सोडायचा. त्या सुस्काऱ्यासाठी मोंघीबानं दहा जिने चढले असते.

बाटली मुळात तिचीच. तीन वर्षांपूर्वी ट्रस्टच्या शिबिरात तिचा मोतीबिंदू काढला, तेव्हा मिळालेली. शिबिरातल्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, “मासी, सहा आठवडे. आधी चार वेळा, मग तीन, मग दोन, मग बंद. उरलं तर फेकून द्या. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत घालू नका.” मोंघीबा दुसरीपर्यंत शिकलेली, पण एकदा कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. हेही गेलं नव्हतं. फक्त या घरात काही फेकून द्यायची रीत नव्हती.

धीमंतचे डोळे बिघडले ते बसून बसून. त्याचे वडील वल्लभदास शेंगतेलाच्या वायदेबाजारातले जुने माणूस. त्यांचा एक कायदा होता: सौदा उभा असताना गादी सोडायची नाही. पाहुणा दारात आला तरी नाही, घरात बाळंतपण चालू असलं तरी नाही. धीमंतनं बापाचं दुसरं काही घेतलं नाही, हे तेवढं घेतलं. फरक इतकाच की एक वाजला की अख्खं राजकोट झोपतं. किराणा बंद, कापडवाला बंद, औषधाचं दुकान बंद, चार वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. वल्लभदासही ओलं फडकं डोळ्यांवर टाकून आडवे व्हायचे, कारण तेलाचा बाजारही तेव्हा आडवा व्हायचा. धीमंतचा बाजार मुंबईचा. त्याला दुपार ठाऊक नाही. गाव झोपलं की हा अंधारात टक लावून बसलेला, लाल-हिरव्या काड्या मोजत. साडेतीनला उठायचा तेव्हा डोळ्यांत मिरचीचं बी गेल्यासारखं व्हायचं.

सून अल्पा त्याला चष्म्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथून पाण्यासारखं एक औषध आणि एक कागद आला. कागद अल्पानं उजव्या स्क्रीनच्या कडेला चिकटवला आणि सासूनं विचारलं म्हणून वाचून दाखवला. दर वीस मिनिटांनी नजर काढून लांबचं काहीतरी पाहायचं. पापण्या मुद्दाम मिटायच्या. स्क्रीन डोळ्यांच्या जरा खाली हवी, हातभर लांब हवी. अंधारात बसायचं नाही.

“पापण्या मिटायला शिकवायचे किती घेतले?” मोंघीबानं विचारलं.

“बा, माणूस टक लावून बसला की पापणी मिटायचं विसरतो, असं म्हणाले ते.”

“माझा मुलगा काही विसरत नाही. विसरतेस तू, वरणात गूळ.”

धीमंत हसला होता. म्हणाला, “वीस मिनिटं खिडकीबाहेर बघत बसलो तर बाजार मला विकून खाईल.”

“वीस मिनिटं नाही, वीस मिनिटांनी वीस सेकंद,” अल्पा म्हणाली.

“वीस सेकंद पुरतात त्याला.”

पाण्यासारख्या औषधानं लाली गेली नाही. आठ दिवसांनी मोंघीबानं बटव्यातली बाटली काढली. तिसऱ्या दिवशी धीमंतचे डोळे धुतलेल्या बशीसारखे पांढरे झाले. मोंघीबानं सोसायटीच्या बाकावर बसून चार बायकांना ते सांगितलं आणि चष्म्याच्या डॉक्टरला नावं ठेवली. तेव्हापासून दोन दिवाळ्या गेल्या. आधी एकदाच घालायची, मग सकाळ-संध्याकाळ, मग एक वाजताचाही नेम झाला. बाटली रिकामी झाली की ती कोपऱ्यावरच्या जयसुखच्या औषधाच्या दुकानात न्यायची. तो रिकामी घ्यायचा, भरलेली द्यायचा. मोंघीबाकडे डॉक्टरची चिठ्ठी मागायची छाती त्या गल्लीत कोणाची नव्हती.

पहिली गोष्ट घडली ती ताकाची. जेठ महिना होता. अल्पानं नेहमीसारखा ग्लास धीमंतच्या उजव्या हाताशी ठेवला आणि त्यानं कोपरानं तो लादीवर सांडला. एकदा, मग दुसऱ्या आठवड्यात, मग परत.

“कडेला ठेवतेस कशाला?” मोंघीबा जिन्यातूनच म्हणाली.

“रोज तिथेच ठेवते, बा. पंधरा वर्षं तिथेच ठेवतेय.” अल्पा लादी पुसत होती. ती सावकाश बोलली, जणू स्वतःलाच सांगत होती.

मग कालावड रोडवर धीमंतची स्कूटर भाजीच्या गाडीवर गेली. गाडी उजवीकडून आली होती. धीमंत म्हणाला, कुठून आली कळलंच नाही. गुडघा फुटला, त्याला मोंघीबानं हळद लावली आणि गाडीवाल्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या.

अल्पानं शिव्या घातल्या नाहीत. तिनं स्क्रीनच्या कडेचा तो कागद गुपचूप काढून घेतला आणि चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, “कागद कुठे गेला, विचारलं नाहीत.”

“कुठला कागद?”

“दोन वर्षं तुमच्या उजव्या बाजूला होता तो.”

धीमंतनं गाठियाचा तुकडा परत ताटात ठेवला.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तिघंही गेले. तो चष्म्याचा डॉक्टर सोडला तर या घरातलं कोणी मोंघीबाशिवाय दवाखान्याची पायरी चढलेलं नव्हतं. धीमंतला एका मोठ्या डब्यात डोकं घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाहेर बसून मोंघीबा बटणाचा आवाज ऐकत होती. कितीतरी वेळ आवाजच यायचा नाही.

डॉक्टर फाल्गुनीबेन तिशीच्या आतबाहेरची पोरगी, पण बोलणं स्वच्छ. तिनं सांगितलं, काचबिंदू आहे. मोंघीबाच्या माहेरी त्याला झामर म्हणत. तिची एक आत्या झामरनं आंधळी होऊन ओसरीत बसलेली तिनं पाहिली होती. तिनं पदर सावरला.

“उजव्या डोळ्याच्या कडा गेल्या आहेत. त्या परत येणार नाहीत,” फाल्गुनीबेन म्हणाली. “डाव्याला आत्ता सुरुवात आहे. तो वाचवता येईल.”

“स्क्रीननं झालं ना?” धीमंतनं विचारलं. त्याच्या आवाजात अपराधीपणा होता.

“नाही. स्क्रीननं डोळे थकतात, कोरडे पडतात, लाल होतात. अंधारात तासन्‌तास बसता, ते वाईटच. पण त्यानं नस वाळत नाही. तुमच्या वयाला डोळ्यांत एवढा दाब मला पटत नाही.” तिनं पेन खाली ठेवलं. “डोळ्यांत काही घालता? दुधासारखं, पांढरं औषध?”

धीमंतनं आईकडे पाहिलं. ती उजवीकडे बसली होती, त्याला अख्खी मान फिरवावी लागली.

“नाही,” तो म्हणाला. “घरचं आपलं. बा गुलाबपाणी घालते.”

परक्या माणसासमोर बाला खाली पाहायला लावायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या घरात भिंतींनाही माहीत होतं.

“गुलाबपाणीच ना, मासी?”

बाटली बटव्यात होती. एक वाजताच्या थेंबांसाठी बरोबर घेतलेली. मोंघीबाला ती कमरेला लागत होती. आयुष्यभर जिची जीभ कधी अडली नाही, ती त्या खुर्चीवर क्षणभर अडली आणि मग सुटली ती उलट्या दिशेला.

“गुलाबपाणीच. आमच्या घरात दुसरं काही नसतं.”

अल्पानं तोंड उघडलं. मोंघीबानं तिच्याकडे एकदा पाहिलं. पंधरा वर्षं ज्या नजरेनं ते तोंड मिटत आलं होतं, त्याच नजरेनं आताही मिटलं. फाल्गुनीबेननं कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या औषधाबद्दल पुढे बोललीच नाही. नाही म्हटल्यावर ती कशाला बोलेल. दाब उतरवायचं नवं औषध दिलं, यानं डोळे जरा लाल होतील म्हणाली, घाबरू नका, सोडू मात्र नका.

घरी जिन्यात अल्पानं सासूची वाट अडवली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

“बा, ते गुलाबपाणी नव्हतं.”

“आजपासून घालणार नाही. झालं?”

“शपथ घ्या.”

मोंघीबानं ठाकोरजींची शपथ घेतली आणि ती पाळली. बाटली मोरीत उलटी केली, वर पाणी ओतलं. मग एवढ्यानं सगळं मिटलं असं तिनं मनाला सांगितलं. सगळ्यांनी स्क्रीनला दोष दिला होता. तिनंही दिला, बाकावर बसून, रोजच्याहून मोठ्या आवाजात.

नव्या औषधानं धीमंतचे डोळे खरंच लाल झाले. पापण्या सुजल्या, आकडे पोहायला लागले. वीस दिवस त्यानं काढले. मग एका सकाळी म्हणाला, “बा, तुझं औषध घाल ना. या पोरीच्या औषधानं तर दिसतच नाही.”

“संपलं.”

“जयसुखकडून आण.”

“तो ठेवत नाही आता.”

त्या औषधानंच तुझा डोळा खाल्ला, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. जिना चढताना ते ओठांवर असायचं, वरच्या पायरीवर धीमंत “आलीस, बा?” म्हणायचा आणि ते खाली परत जायचं. मुलाच्या जगात आपल्यावर बोट दाखवणारं कोणी नाही, तो स्वतःही नाही, हे सुख तिला सोडवेना. अजून घाई काय, तिला वाटायचं. बाटली तर बंद केलीच आहे.

श्रावणात शीतळा सातम आली. चूल थंड, आदल्या दिवशीचे ठेपले, बाजरी-गुळाची कुलेर. मोंघीबानं सोनाराकडून चांदीचे दोन डोळे करून घेतले होते. ते शीतळामातेच्या पायांशी ठेवले, दगडाला कपाळ टेकलं आणि मनातल्या मनात सगळं सांगून टाकलं. शिबिर, सहा आठवडे, फेकून द्या म्हणाले ते, गुलाबपाणी. मातेनं ऐकून घेतलं, काही विचारलं नाही. मोंघीबा उठली तेव्हा तिला हलकं वाटत होतं.

चार दिवसांनी तिनं पाहिलं, धीमंतचे डोळे धुतलेल्या बशीसारखे पांढरे.

“बरं वाटतंय का रे?”

“एकदम मस्त, बा.”

मातेनं ऐकलं, असं तिनं बाकावर सांगितलं. चांदीचे डोळे किती तोळ्यांचे तेही सांगितलं. एखाद्या लहान पोरालाही जो प्रश्न पडला असता, तो तिनं स्वतःला पडू दिला नाही.

नवरात्र संपलं, दिवाळीची साफसफाई निघाली. अल्पा वरच्या खोलीतली धूळ काढत होती. दुपारी तीनचा सुमार, गल्ली झोपलेली. ती खाली आली आणि ठाकोरजींसमोर माळ ओढत बसलेल्या सासूपुढे तिनं बाटली ठेवली. अर्धी भरलेली. पांढरी.

“स्क्रीनच्या मागे होती. तुम्ही शपथ घेतली होती.”

“मी नाही घातलं.”

“मग कोणी?”

मोंघीबानं बाटली उचलली. हलवून पाहिली. “तो स्वतः गेला असेल जयसुखकडे,” ती म्हणाली. “बाची बाटली दे म्हणाला असेल. मी त्याला सांगितलंच नाही, काय आहे ते.”

“मला वाटलं सांगितलं असेल,” अल्पा म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. “तीन महिने, बा. तोंडानं अख्खी सोसायटी झाडता तुम्ही.”

मोंघीबानं माळ खाली ठेवली आणि बाटली बटव्यात टाकली. 

त्याच संध्याकाळी तिघं परत दवाखान्यात गेले आणि फाल्गुनीबेननं काही विचारायच्या आत मोंघीबानं बाटली टेबलावर ठेवली.

“हे गुलाबपाणी,” ती म्हणाली. “दोन वर्षं मी घातलं. नंतर यानं घातलं, कारण मी सांगितलं नाही. शिबिरातल्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं, दुसऱ्याच्या डोळ्यांत घालू नका म्हणून. मला आठवत होतं.”

फाल्गुनीबेननं बाटली उजेडात धरून वाचली. ओरडली असती तर मोंघीबाला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, दिवसातून किती वेळा, आणि लिहून घेतलं. “यानं लाली चटकन जाते,” ती धीमंतला म्हणाली, “म्हणून लोकांना हे आवडतं. पण महिनोन्‌महिने घातलं तर कित्येकांच्या डोळ्यांत आतून दाब चढतो. दुखत नाही, कळत नाही. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, कडा आधी जातात. माझं औषध घालत होतात?”

“ते सोडलं,” धीमंत म्हणाला. “त्यानं लाल व्हायचे. बाच्यानं पांढरे व्हायचे.”

तपासणीनंतर तिनं सांगितलं की उजवा डोळा गेला. डाव्यात मधली नजर आहे, नळीतून पाहावं एवढी. ऑपरेशन करून तेवढी राखायचा प्रयत्न करू, खात्री देत नाही.

“त्या दिवशी मी सांगितलं असतं तर?” मोंघीबानं विचारलं.

“मासी, आता ते कशाला.”

“मी विचारतेय, तर सांग.”

फाल्गुनीबेननं धीमंतकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “डावा बहुतेक पूर्ण राहिला असता,” ती म्हणाली.

धीमंतच्या खुर्चीचा पाय करकरला. मोंघीबा वाट पाहत राहिली. शिवी दिली असती तर घेतली असती, हात उचलला असता तर गाल पुढे केला असता. त्यानं खिसे चाचपले, गाडीची किल्ली शोधली, मग लक्षात आलं की गाडी आता तो चालवत नाही, आणि किल्ली अल्पाच्या हातात दिली.

“चला,” तो म्हणाला. दोघींना म्हणाला की एकट्या अल्पाला, ते कळलं नाही.

ऑपरेशन झालं. नळीएवढी नजर राहिली. सौदे बंद झाले, एक स्क्रीन विकली. दुसरी ठेवली, कारण सवय अशी जात नाही. धीमंत सकाळी तिच्यापुढे बसतो, एकच आकडा मोठा करून बघतो, मग बंद करतो. खिडकीचे पडदे अल्पानं काढून धुतले आणि परत लावले नाहीत. दवाखान्याचं औषध तीच घालते, घड्याळ लावून, बाटलीवरचं नाव दर वेळी वाचून.

मोंघीबा अजून नवाला पाच कमी असताना जिना चढते. जयसुखच्या दुकानात जाऊन तिनं गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं होतं की चिठ्ठी का मागितली नाहीस, आणि तो म्हणाला होता, “बा, तुमच्याकडे कोण मागणार?”  बाकावर ती आता बसत नाही.

काल दुपारी एक वाजता गल्ली बंद झाली. अल्पा खाली आडवी झाली. मोंघीबा वर गेली, ताकाचा ग्लास धीमंतच्या डाव्या हाताशी ठेवला आणि स्वतः उजवीकडच्या वेताच्या मोड्यावर बसली. तो खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी गोधडी वाळत होती. पापण्या हळू हळू मिटत होता, उघडत होता, कागदावर लिहिलं होतं तसं.

बऱ्याच वेळानं त्यानं मान अर्धी फिरवली आणि थांबला.

“कोणी आहे का इथे?”

हातभर अंतरावर मोंघीबा बसली होती. त्याच्या उजव्या बाजूला बसणाऱ्यानं आवाज दिल्याशिवाय तो आहे हे त्याला कळणार नव्हतं. तिनं तोंड उघडलं. जिभेवर काहीच येईना.

“कोणी आहे का?” धीमंतनं परत विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तो खिडकीकडे वळला आणि चाचपत चाचपत ग्लास उजवीकडे शोधू लागला.

मोंघीबानं उठून ग्लास त्याच्या हातात दिला. हात तिचाच आहे हे त्याला कातडीवरून कळलं. त्यानं ग्लास घेतला, हात सोडवला आणि ताक प्यायला लागला.